परसबागेची राखण

घराच्या मागील अंगणात, पुढच्या दारी अथवा गच्चीवरील कुंड्यांत फुले आणि भाजीपाला लावणाऱ्याचे सुरुवातीचे दिवस मोठ्या उत्साहाचे असतात. बी रुजते, रोपे वाढू लागतात, पहिली कळी दिसते. पुढे एक दिवस वांग्याच्या शेंड्यांनी माना टाकलेल्या आढळतात, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागतात आणि वाफ्यात पेरलेल्या मेथीपेक्षा न पेरलेला लव्हाळाच अधिक जोमदार दिसू लागतो. अशा वेळी दुकानातून एखादे जालीम औषध आणून फवारावे असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु घरच्या बागेत हा उपाय बहुधा अनावश्यक असतो आणि पुष्कळदा घातक ठरतो.

याचे कारण सोपे आहे. फवारलेल्या औषधाचा अंश फळात व पानात काही दिवस टिकून राहतो. म्हणून फवारणी आणि तोडणी यांमध्ये ठरावीक दिवसांचे अंतर ठेवावे लागते. घरच्या बागेत असे अंतर क्वचितच पाळले जाते. टोमॅटो लाल झाला की तो तोडला जातो, कोथिंबीर लागेल तशी खुडली जाते, आणि लहान मूल तर काकडी वेलीवरूनच तोडून खाते. बागेतून स्वयंपाकघरात जाणारी वाट इतकी आखूड असल्यामुळे तेथे वापरलेल्या विषाची वाटही तितकीच आखूड असते.

दुसऱ्या बाजूने पाहता, घरच्या बागेला एक मोठी अनुकूलता लाभलेली असते. चार एकरांच्या शेतातील प्रत्येक पान उलटून पाहणे कोणालाही शक्य नाही. वीस-पंचवीस चौरस मीटरच्या बागेत मात्र रोज दहा-पंधरा मिनिटांत ते सहज करता येते. प्रत्येक तणाच्या आणि प्रत्येक किडीच्या आयुष्यात एक दुबळा काळ असतो. त्या काळात ती हाताने, पाण्याने किंवा खुरप्याने आवरता येते. तो काळ हातचा गेला की मग औषधांचा शोध सुरू होतो. हा काळ ओळखणे हीच परसबागेची खरी राखण होय.

हंगाम साधणे

राखणीचा आरंभ पेरणीपूर्वीच होतो. चुकीच्या हंगामात लावलेले झाड मुळातच अशक्त राहते आणि अशक्त झाडावर रोग व किडी लवकर पडतात. भारतासारख्या विस्तीर्ण देशात एकच वेळापत्रक सर्वत्र लागू पडत नाही. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात फुलकोबी, कोबी, वाटाणा यांचा खरा हंगाम हिवाळा. हिमालयाच्या उंच भागात याच भाज्या उन्हाळ्यात घेतल्या जातात. दख्खनच्या पठारावर हवामान सौम्य असल्याने टोमॅटो व वांगी वर्षातून एकाहून अधिक वेळा घेता येतात. उलट दमट किनारपट्टीवर बुरशीजन्य रोगांचा जोर अधिक असतो. म्हणून बियाण्याच्या पाकिटावरील महिन्यांपेक्षा आपल्या भागातील अनुभवी माळ्याचा सल्ला अधिक मोलाचा मानावा.

फुलांच्या बाबतीतही हाच नियम आहे. पावसाळ्यात तेरडा, झिनिया व कोंबडा; हिवाळ्यात पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी, डायँथस व अ‍ॅस्टर; उन्हाळ्यात चिनी गुलाब व गेलार्डिया असा क्रम मैदानी प्रदेशात साधारणपणे ठेवता येतो. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लहान दिवस व मोठ्या रात्री लागतात. तिच्या कुंडीवर रस्त्यावरील दिव्याचा प्रकाश रात्रभर पडत असेल, तर खत कितीही दिले तरी फुले उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

भेंडीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. शिरा पिवळ्या पडण्याचा तिचा रोग विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पावसाळी पिकात या रोगाचा उपद्रव उन्हाळी पिकापेक्षा अधिक असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला ‘पुसा सावनी’ हा वाण आरंभी या रोगाला दाद देत नसे; पण काही वर्षांनी त्याची ही शक्ती लोपली. पुढे परभणी येथील कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का अनामिका’ हे प्रतिकारक्षम वाण आले. रोग जडलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. त्याचा दुबळा काळ म्हणजे पहिले एक-दोन रोगट रोप दिसण्याचा दिवस. ते त्याच दिवशी उपटून टाकावे.

जमीन आणि रोपे

वाफ्याची रुंदी एक ते सव्वा मीटरहून अधिक नसावी, म्हणजे आत पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. माती तीस सेंटिमीटरपर्यंत खणून तीत चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. ‘चांगले कुजलेले’ या शब्दांना महत्त्व आहे. कच्च्या शेणखतातून तणांचे जिवंत बी वाफ्यात येते आणि हुमणीसारख्या मुळे खाणाऱ्या अळ्याही येतात. नीट रचलेल्या ढिगात कुजताना जी उष्णता निर्माण होते, तिने यांतील पुष्कळशा बियांचा नाश होतो.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, पिटुनिया अशांची रोपे पंधरा सेंटिमीटर उंचीच्या गादीवाफ्यावर करावीत. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल पेरू नये. दाट पेरणी आणि सतत ओली माती यांमुळे रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडतात. हा बुरशीचा रोग एका रात्रीत वाफा ओस पाडू शकतो. ओळींत विरळ पेरणी आणि सायंकाळऐवजी सकाळी झारीने पाणी देणे, एवढ्यानेच तो बराचसा टळतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी कडक उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद पसरावा, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसाच राहू द्यावा. आतील मातीचे तापमान इतके वाढते की अनेक बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी मरून जाते. लव्हाळ्याच्या कंदांवर मात्र या उपायाचा विशेष परिणाम होत नाही.

नव्याने लावलेली रोपे सकाळी जमिनीलगत तोडलेली आढळल्यास तो कुरतडणाऱ्या अळीचा प्रताप समजावा. ही अळी दिवसा मातीत, रोपाच्या जवळच दडून बसते. बोटाने माती उकरून ती काढून टाकावी आणि प्रत्येक रोपाभोवती जाड कागदाची लहानशी नळी मातीत रोवून ठेवावी.

तण : फुलण्यापूर्वी की फुलल्यावर?

तण म्हणजे नको त्या जागी उगवलेले झाड, अशी व्याख्या केली जाते, आणि ती बागेला चांगली लागू पडते. घोळ आणि तांदुळजा यांना माळी तण म्हणून उपटतो. अनेक घरांत त्यांचीच भाजी होते. उलट आज ज्यांच्यापुढे सर्वांनी हात टेकले आहेत, अशी काही तणे बागेची शोभा म्हणूनच या देशात आणली गेली. घाणेरी, जिला टणटणी असेही म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली व पुढे तिने जंगलेच्या जंगले व्यापली. जलपर्णी त्याच शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांसाठी बंगालमध्ये आणली गेली. नवे, वेगाने पसरणारे शोभेचे रोप कुंपणाबाहेर जाऊ न देणे, हेही बागवानाचे कर्तव्य आहे.

वर्षायु तणांचा दुबळा काळ फुलण्यापूर्वीचा असतो. गाजर गवत हे याचे ठळक उदाहरण होय. १९५५ च्या सुमारास पुण्यात याची नोंद झाली आणि काही दशकांतच ते देशभर पसरले. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. या झाडाच्या स्पर्शाने कित्येकांना त्वचेचा चिवट विकार जडतो, तर परागकणांमुळे काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. म्हणून ते हातमोजे घालून, जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. या अवस्थेत त्याचे कंपोस्ट करता येते. फुलल्यावर मात्र ते ढिगात टाकू नये. १९८३ मध्ये मेक्सिकोहून याची पाने खाणारे भुंगेरे आणून १९८४ मध्ये ते बंगळूर परिसरात सोडण्यात आले. पावसाळ्यात गाजर गवतावर पांढरट अंगाचे, तपकिरी नागमोडी रेघांचे लहान भुंगेरे दिसले, तर त्यांना मारू नये.

बहुवर्षायु तणांचा स्वभाव निराळा आहे. लव्हाळा वरून खुरपला तर जमिनीतील कंदांच्या माळेतून तो पुन्हा वर येतो. हरळीच्या खोडाचा लहानसा तुकडा राहिला तरी त्यापासून नवे झाड होते. म्हणून कुदळीने तिचे तुकडे करीत जाणे म्हणजे तिची लागवड करणेच होय. यांचा दुबळा काळ दोन प्रकारचा आहे. पहिला कडक उन्हाळ्याचा : वाफा खोल खणून ढेकळे उलटवावीत आणि कंद व खोडे वर काढून उन्हात वाळवावीत. दुसरा काळ नवे कोंब वर येण्याचा : प्रत्येक नवा कोंब कंदातील साठवलेल्या अन्नावर वाढतो, त्याला स्वतः अन्न तयार करण्याची संधी न देता तो वारंवार काढत राहिल्यास कंदातील साठा संपत जातो. या कामी चिकाटी हेच मुख्य औषध आहे.

पिकाच्या ओळींमध्ये पाच-सात सेंटिमीटर जाडीचे वाळक्या पानांचे किंवा गवताचे आच्छादन घातले, तर तणाच्या बियांना उजेड मिळत नाही, ओल टिकते आणि खुरपणीचे काम निम्म्यावर येते. आच्छादन खोडाला मात्र टेकू देऊ नये. गुलाबात आणखी एक ‘तण’ झाडावरच वाढते. डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे जंगली खुंटातून, येणारा जोमदार फुटवा वेळीच मुळाजवळून काढला नाही, तर तो कलमाचे सर्व पोषण स्वतःकडे ओढून घेतो.

शत्रू कोण, मित्र कोण?

बागेत दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. मावा पाहा. कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसून रस शोषणारा हा मऊ कीटक नराशिवायही पिले देऊ शकतो, त्यामुळे त्याची संख्या आठ-दहा दिवसांत प्रचंड वाढते. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि तो गोडवा चाटणाऱ्या मुंग्या त्याचे रक्षण करतात. पहिल्या आठवड्यात मात्र पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन निघतो. याच माव्यावर लेडीबर्ड भुंगेरा, ज्याला ढाल किडा असेही म्हणतात, आपली उपजीविका करतो. त्याची चकचकीत, ठिपकेदार पाठ लोकांना परिचित असते. पण त्याची अळी लांबट, काळसर आणि खडबडीत असून रूपाने अजिबात आईबापांसारखी नसते. तीच सर्वाधिक मावा खाते, आणि ओळख नसल्यामुळे तिलाच सर्वप्रथम मारले जाते. याच कुळातील एक तांबूस, लवदार आणि निस्तेज पाठीचा, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा वांग्याची पाने खरवडून जाळीदार करतो. तो मात्र खरोखरच उपद्रवी आहे. हे दोन किडे वेगळे ओळखता येणे, हे औषधाच्या एका बाटलीपेक्षा अधिक उपयोगाचे ज्ञान आहे.

मित्रकीटकांची शक्ती किती मोठी असते, हे पपईवरील पिठ्या ढेकणाने दाखवून दिले. २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम आढळलेली ही परकीय कीड पपई, तुती, जास्वंद अशा अनेक झाडांवर पसरली. तिच्या मेणचट आवरणामुळे फवारण्या तोकड्या पडल्या. २०१० मध्ये तिच्यावर जगणाऱ्या, मुंगीहूनही लहान अशा परोपजीवी गांधीलमाश्या परदेशातून आणून सोडल्यावर कीड झपाट्याने आटोक्यात आली. जेथे तीव्र विषाची फवारणी चालते, तेथे असे साहाय्यकच प्रथम मरतात.

आता काही नित्याच्या किडींचे दुबळे काळ पाहू. वांग्याचे शेंडे वाळतात ते आत शिरलेल्या अळीमुळे. माना टाकलेला प्रत्येक शेंडा थोड्या खालून कापून नष्ट केला, तर तीच पिढी पुढे फळांत शिरत नाही. फळात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र कोणतीही फवारणी पोहोचत नाही. लिंबाच्या व कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते व लहान रोप ओके-बोके करते. ती हाताने वेचावी. झाड मोठे असेल तर चार पाने गमावून एका सुंदर फुलपाखराला जागा देण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूने बारीक जाळी विणणाऱ्या लाल कोळ्याला कोरडी हवा मानवते. पानांच्या खालून पाण्याचे फवारे दिल्यास त्याचा जोर ओसरतो.

काकडी, कारली, दोडका यांच्या कोवळ्या फळांत फळमाशी अंडी घालते. फळ सडून गळले की आतील अळ्या मातीत जाऊन कोषावस्थेत शिरतात. म्हणून गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत आणि फळ बोटाएवढे असतानाच त्याला कागदी पिशवी बांधावी. तथापि, प्रत्येक गळालेले फळ किडीमुळेच गळते असे नाही. भोपळावर्गीय वेलींत नर व मादी फुले निराळी असतात आणि मधमाश्या आल्या नाहीत तर लहान फळ पिवळे पडून गळते. अशा वेळी औषध फवारणे म्हणजे उरलेल्या मधमाश्याही घालवणे होय. नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. काकडी व तांबड्या भोपळ्याची फुले सकाळी, तर दुधीची व दोडक्याची सायंकाळी उमलतात.

पिकांची सोबतही उपयोगी पडते. मूळ अमेरिकेतील असूनही आपल्या पूजेत आणि तोरणात मानाचे स्थान मिळवलेला झेंडू आपल्या मुळांतील द्रव्यामुळे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या कमी करतो. टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करतो. टोमॅटो व झेंडू एकाच वेळी फुलोऱ्यावर यावेत म्हणून झेंडूची रोपे सुमारे तीन आठवडे आधी तयार करावीत. कोबीच्या वाफ्याला दोन्ही अंगांनी मोहरी लावली, तर पाने चाळणीसारखी करणाऱ्या पतंगाची अंडी मोहरीवर पडतात. अशी आमिष पिके मधूनमधून तपासून त्यांवरील अळ्या नष्ट केल्याच पाहिजेत. अन्यथा ती किडीचे माहेरघर बनतात.

फवारणीची वेळ आलीच तर

हाताने काम भागत नसेल, तर सौम्य उपायांपासून आरंभ करावा. मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांसाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम साधा साबण विरघळवून पानांच्या खालच्या बाजूस फवारावा. निंबोळीचा अर्क याहून व्यापक उपयोगाचा आहे. १९६२ मध्ये दिल्लीत टोळधाड आली, तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ प्रधान यांनी निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली होती. टोळ त्या पिकांवर उतरले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. घरच्यासाठी पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळीचा मगज कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, फडक्यातून गाळावा, चिमूटभर साबण मिसळावा आणि ऊन उतरल्यावर फवारावा. हा अर्क किडीला तत्काळ मारीत नाही. तो तिची भूक व वाढ रोखतो. म्हणून तो लहान अळ्यांवरच गुणकारी ठरतो.

बुरशीजन्य रोगांसाठी बोर्डो मिश्रण फ्रान्समधील द्राक्षबागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळा विरघळवून मग ती पाणी एकत्र करावीत. स्वच्छ लोखंडी सुरी त्यात बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे व भाजी धुऊनच खावी.

याहून तीव्र रसायनांविषयी वाचकाने इतिहास ध्यानात ठेवावा. १९५८ मध्ये वाहतुकीत पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन केरळात शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला, मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ मध्ये मनाई झाली आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. यांपैकी प्रत्येक रसायन एके काळी निर्धास्तपणे विकले जात होते. औषधाच्या वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग त्याची तीव्रता सांगतो : तांबडा सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. तांबड्या व पिवळ्या खुणेच्या औषधांना घरच्या बागेत स्थान असू नये. कोणतेही औषध शीतपेयाच्या बाटलीत किंवा स्वयंपाकघरातील डब्यात काढून ठेवू नये.

बागेची राखण करणाऱ्याला खर्चीक साधने लागत नाहीत. खुरपे, झारी, कात्री, हातमोजे आणि एक लहान वही पुरेशी आहे. कोणत्या आठवड्यात कोणती कीड प्रथम दिसली, कोणते तण केव्हा फुलले, हे त्या वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन वर्षांत ती वही आपल्या अंगणापुरते असे पंचांग बनते, जे कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. मग कीड येण्यापूर्वीच तिची चाहूल लागते, तण फुलण्यापूर्वीच खुरपे हाती येते, आणि घरात येणाऱ्या टोपलीतील भाजी मुलांच्या हाती निःशंकपणे देता येते.